निघून गेलेली धामण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही अक्कांना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. गडमुडशिंगीत आमचं घर, परसाला लागूनच ऊस. आम्ही जैन. गाळलेलं आणि उकळलेलंच पाणी प्यायचं, हा अक्कांचा जन्मभराचा नेम. नेम त्यांचा, राबणूक माझी.

त्या दुपारी मोरीचं दार उघडलं तर आत धामण. चांगली लांबलचक, बादलीमागं अंग चोरून बसलेली. मी किंचाळले. अक्का आल्या, वाकून बघितलं आणि दार हळूच ओढून घेतलं. धामण विषारी नसते हे त्यांना ठाऊक होतं — मलाही होतं. कोल्हापुरातल्या सर्पमित्राला फोन लावला. तो म्हणाला, दार बंद ठेवा, फटीला ओलं पोतं लावा, कुणी काठी घेऊन जाऊ नका, मी निघालोच. सगळं तसंच केलं. अक्का दाराशी पाट टाकून बसल्या नि आतल्या धामणीला समजावू लागल्या, "भिऊ नगं गं बाई. कोण काय करत न्हाय तुला." मग त्या सर्पमित्र पोराला आमची गल्ली सापडायची नाही म्हणून रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

घरात मी एकटी. गॅसवर त्यांचं पाणी खळखळत होतं.

भ्यायले होते असं म्हणता आलं असतं. पण दार बंद होतं ना? फटीला पोतं होतं. भीती कसली? — राग आला होता मला. मी तापानं फणफणलेली असताना 'पाणी उकळलंस न्हवं?' एवढंच विचारणाऱ्या अक्का सापाला बाई म्हणत होत्या. माझ्याशी कधी बोलल्या होत्या त्या इतक्या मायेनं? मी पातेलं उचललं. पोतं पायानं सारलं, दार उघडलं आणि सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं.

साप ओरडत नाही. ती भिंतीवर आपटली, बादली पाडली आणि कशीबशी मोरीच्या भोकात शिरली.

सर्पमित्र आला तेव्हा मी म्हटलं, गेली — आपली आपण गेली. त्यानं फरशीवर हात टेकला. फरशी अजून गरम होती. माझ्याकडं एकदा बघितलं आणि गाडीला किक मारली.

पुढं मोरीतून वास सुटला. उंदीर मेला असेल, असं मी सांगितलं आणि फिनेल ओतलं. अक्कांनी मोरीपाशी उभं राहून त्या उंदरासाठी णमोकार मंत्र म्हटला.

आणि गावभर सांगत सुटल्या — आमची सून बघा किती धीराची, जिवाला धक्का लागू दिला नाही! तेव्हापासून कुणाच्या घरी साप निघाला की बायका मला फोन करतात. मीही सांगते, दार ओढून घ्या, मारू नका, सर्पमित्राला बोलवा. बरोबरच सांगते. लाज वाटत नाही का? वाटते, तरी सांगते.

आमच्यात पर्युषण संपलं की सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. अक्का दरवर्षी सर्वांत आधी माझ्यापुढं हात जोडायच्या, सासू असून. याहून सोपा दिवस कुठला मिळणार होता मला? मी 'माझंही काही चुकलं असेल' म्हणायचे नि पाया पडायचे. चुकलं असेल — असेल!

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणावर होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "लई राबीवलं गं तुला मी. माया करायची ऱ्हाऊनच गेली. पर दया कशी करायची ते मी तुझ्याकडनंच शिकलो बघ."

मी मान हलवली. हो म्हटल्यासारखी.

त्या गेल्यावरही तो क्षमेचा दिवस आलाच. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांपुढं हात जोडले. मी कुणाचीच क्षमा मागितली नाही.