बस भरायची पाळी

नवी गाडी घेतली की ती कुणाला तरी दाखवावी लागते. पुण्यात तिच्याकडे कुणी मान वळवून बघेना, तेव्हा मला होस्टेलमधली मैत्रीण कुंदा आठवली. तिचं सासर बुलढाणा जिल्ह्यात, देऊळघाटापासून आत. संक्रांत झाली आणि मी एकटीच निघाले.

जालना, देऊळगाव राजा, चिखली असा रस्ता धरला. चहापाणी धरून दहा तास लागले. बुलढाण्यात हजाराच्या आसपास बरी खोली मिळते, पण कुंदाला तसं सांगायची माझी छाती नव्हती. देऊळघाट सोडलं की रस्ता अरुंद होतो आणि समोरून बैलगाडी आली की आपणच शेतात उतरायचं. गाव एवढंसं, की पारावरून हाक मारली तर शेवटच्या घरातून ओ येते.

संध्याकाळी चुलीवरची भाकरी, भरीत आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, ते मी मैत्रीच्या नावावर खपवलं. कुंदाची प्राजक्ता यंदा दहावीला. ती देऊळघाटच्या शाळेत जाते, गावात येणाऱ्या एकुलत्या एका बसनं. माणसं मिळत नाहीत म्हणून ती बस बंद व्हायची बोलणी चालली होती. पुढच्या आठवड्यात फैसला होता.

"बस गेली तं इची शाळा बी गेली समज," कुंदा म्हणाली. "एवढ्या दूर पायी कोन धाडीन?"

प्राजक्ता नुसती भाकरी मोडत राहिली.

सकाळी पारावर सहा मुली आणि पाच मोठी माणसं बसची वाट बघत होती. मला चेव आला. गाडी आणून उभी केली आणि म्हटलं, बसा, मी सोडते. "कायले तरास, बाई?" शेजारचे तुळशीराममामा म्हणाले. मी फारच आग्रह केला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्यांपैकी चौघं चढले. मामांनी तर चपला काढून हातात घेतल्या.

दोनेक किलोमीटरवर गावाकडे निघालेली बस समोरून आली. गाडीतल्या सगळ्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"गेली पाळी," मामा पुटपुटले.

"कसली पाळी?"

"बस भराची. रोज पाच घरातून एकेक मानूस बसते, काम असो का नसो. बस भरेल दिसली पाह्यजे नं."

म्हणूनच मामांची या आठवड्यात दोनदा दाढी झाली होती. मागच्या ताई धडधाकट मिक्सर मांडीवर घेऊन दुरुस्तीला निघाल्या होत्या.

"मग माझ्या गाडीत बसलात कशाला?"

"पावन्याले नाई कसं म्हनाव?"

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. चाकं हरभऱ्यात घालून गाडी वळवली आणि बसच्या मागे पिटाळली. पारावर कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. गाडी तिथंच सोडून ते चौघं आणि मी धावत चढलो.

"आज जत्रा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाव," मामा म्हणाले.

मी बायकांचं अर्धं तिकीट काढलं. प्राजक्तानं सरकून खिडकीची जागा दिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. देऊळघाटात माझं काडीचं काम नव्हतं. आलूबोंडा-रस्सा दोनदा खाल्ला, मामांची कटिंग बघत बसले आणि दुपारी त्याच बसनं परत आले. गाडीची कुणी साधी चौकशीही केली नाही.

पुण्यात आल्यावर पहिल्यांदा गाडी धुतली. आपली ऐट आठवून अजून ओशाळायला होतं, आणि त्या चौघांचा भिडस्तपणा आठवला की गलबलून येतं. पुढचा आठवडाभर जीव त्या बसमध्येच अडकला होता. शेवटी कुंदाचा फोन आला.

"राह्यली बस. पन दहावीपुरतीच. जूनमधी पुन्हा पाह्यतीन म्हने."

"मग अकरावीचं काय?"

"काय म्हंजे? पाळ्या चालूच हायेत. जूनमधली एक तुई लावली. गाडी घरी ठेवून येजो."