लिंबाच्या मुळाशी लोणचं

आमच्या वरच्या मजल्यावर एक शहाणा राहतो. मी चौथीपर्यंत शिकलो, म्हणून माझ्याशी तो सावकाश बोलतो, बहिऱ्याला समजवावं तसं. प्रत्येक वाक्याला "बेसिकली" लावतो. शहाडच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्याने रंगाच्या मोठ्या डब्यात लिंबाचं झाड लावलंय. चार वर्षांनी यंदा पहिल्यांदा लिंबं धरली. लोणच्यासाठी त्याने ती माझ्यासमोर नळाखाली धुतली आणि ओलीच चिरायला घेतली.

"अरे, पुसून घे. बुरशी येईल."

"काका, बेसिकली मीठ असतं ना त्यात. काही होत नाही."

महिन्याभरात बरणीत पांढरा कापूस उगवला. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण परवा गच्चीवर गेलो तर हा ते सगळं लोणचं झाडाच्या मुळाशी पुरून वर माती थापत होता.

"घरचंच आहे काका. खत होईल."

माझा बाप मिठागरावर राबला. मीठ मातीचं काय करतं ते मला कुणी शिकवायला नको.

"गाढवा, लोणचं नासवलंस, आता झाड मारतोस? काढ ती माती!"

त्याचा चेहरा उतरला. धोतरासारखी ढगळ पँट मळेल म्हणून खाली न बसणारा हा माणूस गुडघे टेकून दोन्ही हातांनी उकरायला लागला.

"काका, कुठपर्यंत काढू?"

"खारट लागेल तिथपर्यंत."

मी चिडून बोललो होतो. त्या शहाण्याने खरोखर चिमूटभर माती जिभेवर ठेवली.