केळीचा डाग

केळीचा डाग निघत नाही. फैजपूरच्या आसपास राहणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी काळपट तपकिरी ठिपका उगवतो. मग लिंबू चोळा, रॉकेल लावा, उन्हात टाका. कापड विरतं, डाग राहतो. आमच्याकडे बागेत जायचे कपडे वेगळे असतात ते यासाठीच.

म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला माझ्या मुलीच्या कुर्त्यावरचा डाग नुसत्या थंड पाण्यात निघाला, तेव्हा मी मोरीतच बसून राहिले. दिपमाला, आमची दिपू, सातवीत आहे. कुर्ता धुवायला टाकताना ती सहज म्हणाली होती, "आई, केळीचा डाग आहे." गेल्या महिन्यातही म्हणाली होती.

"दिपू, कधीपासून?"

ती दारात उभी होती. तिला कळलं. "दिवाळीनंतर."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस." मग थोडं थांबून, "प्रमिला अक्काला माहीत आहे ना."

मी बी.ए. झालेली. वर्षभर मोबाईलवर लेख वाचून ठेवले होते. पॅडचं पाकीट आणून कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं. कसं सांगायचं, कुठल्या वाक्याने सुरुवात करायची, तेही मनात पाठ होतं. आणि माझी मुलगी गेली ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईकडे.

प्रमिलाबाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या. लग्न होऊन आमच्या गावात आल्या त्याला तीस वर्षं झाली. नवरा पितांबर केळीच्या कापणीला जातो. घड वाहून वाहून त्याच्या प्रत्येक शर्टाचा उजवा खांदा काळा झालेला. प्रमिलाबाई चौदा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी करतात. त्यांची बोली अहिराणी. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे त्या "आहे"ला "शे" म्हणाल्या की लोक हसतात. पोरं तर पाठीमागे "खिचडी शे का?" असं ओरडून पळतात. त्या झारा उगारतात आणि त्याच पोराला वाढताना एक झारा जास्त घालतात.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने शाळेत गेले. खरं सांगायचं तर रागापेक्षा मत्सर जास्त होता. त्या किचन शेडच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ये ताई. माले मालूम होतं, तू येशील."

"तुम्ही मला एका शब्दानेही सांगितलं नाही."

"तुनी पोर सांगू नको म्हणाली. तिचं गुपित शे, मन्हं नही."

मग त्यांनी मला आत नेलं. चूल, पातेली, आणि भिंतीशी तांदळाची पोती एकावर एक रचलेली. त्या पोत्यांमागे माणूस उभं राहील एवढी जागा ठेवलेली. तिथे झाकणाची बादली, मग, धुतलेली फडकी, खिळ्याला अडकवलेल्या सेफ्टी पिना. शाळेत सरकारी पॅडचे खोके आले होते, पण ते मुख्याध्यापकांच्या कपाटात. सरांकडे मागायला कुठली मुलगी जाणार? शिपायाला चहा देऊन प्रमिलाबाईंनी एक खोकं आणून ठेवलं होतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला दार होतं, दाराला कडी नव्हती, आणि नळाला पाणी नव्हतं. अख्ख्या शाळेत आतून बंद होणारं दार एकच, खिचडीच्या खोलीचं. मुली येऊन म्हणायच्या, "अक्का, केळीचा डाग पडला." अक्का बाहेर येऊन दाराला पाठ लावून बसायच्या.

"पण ही स्वयंपाकाची जागा," मी हळूच म्हणाले. "गावात कळलं तर?"

"कळलं तर मन्ही खिचडी कोणी खाणार नही. चूल जाईल." त्यांनी एक खडा वेचून बाहेर टाकला. "म्हणून तर केळीचं नाव घेतस."

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. सहावीत असताना त्यांचा बाक लाल झाला. गुरुजींनी एका मुलाला पाणी आणून पुसायला लावलं आणि सगळा वर्ग बघत बसला. "माले कोणी शाळेतून काढलं नही, ताई. मीच दुसऱ्या दिवशी गेली नही. मग तिसऱ्या दिवशी. पण कोणी बोलवायलाबी आलं नही."

त्यानंतर आठवड्याभरात शाळेची तपासणी झाली. साहेबांना पोत्यांमागे बादली दिसली. धान्यसाठ्याच्या खोलीत इतरांचा वावर नको, असा शेरा मारून ते गेले. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाच्या वेळेखेरीज खोलीला कुलूप, किल्ली सरांकडे. कुलूप का नडणार हे सरांना माहीत नव्हतं आणि सांगायची कोणाची छाती नव्हती.

चार दिवसांनी प्रमिलाबाई माझ्या घरी आल्या. "सातवीचं एक ताट कमी शे."

ते ताट तबस्सुमचं होतं. दिपूच्या बाकावर बसणारी, गणितात दिपूपेक्षा पुढे. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिची आई हसीनाबी शिलाई करत होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"अक्का, तुम्हारे भरोसे भेजती थी. अब तुम्हारी खोली को ताला, उधर के दरवाजे को कडी नहीं. लडके बाहर से ढकलते. पढाई के वास्ते शरम छोड दूँ क्या?"

"कडी लागली तर धाडशील?"

"पहले लगने दो."

परतताना कोपऱ्यावर आल्यावर प्रमिलाबाई म्हणाल्या, "बोलवायला तर गेलो. आता जागा करायला पाहिजे."

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा जवळ होती. तिच्या आधी बायकांची वेगळी सभा व्हायला हवी, असा नियम आहे; आमच्याकडे सहीचं रजिस्टर घरोघर फिरतं, तीच सभा. मी शाळा समितीवर नावापुरती सदस्य. अर्ज मी लिहिला. चार कागद फाडले. शेवटी विषय लिहिला, "विद्यार्थिनींच्या विविध अडचणी दूर करणेबाबत." लिहून मला हायसं वाटलं. प्रमिलाबाईंनी वाचायला लावलं आणि विचारलं, "यात पोरी कुठे शे?"

ग्रामसभेत आम्ही सहा-सात बायका भिंतीशी बसलो. सरपंच जीवराम नाना स्वभावाने वाईट नाहीत, पण प्रत्येक गोष्टीचा विनोद करायची त्यांना खोड आहे. त्यांची म्हातारी आई धुरपदाबाई पुढेच खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती. नानांनी अर्ज वाचला.

"विविध अडचणी. बरं ताई, कोणत्या?"

वर्षभर पाठ केलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. शेजारून प्रमिलाबाई उठल्या.

"पोरींच्या कपड्याला डाग पडस, नाना. बदलायला जागा नही. दाराला कडी लावा, नळाला पाणी द्या."

"डाग? अहो, केळीचा डाग तर माझ्या लेंग्यालाही आहे," नाना म्हणाले. "माझ्यासाठीही एक खोली बांधू का?"

सभा हसली. मागून कोणीतरी "बांधू शे का?" म्हणालं, आणखी हसले. मला वाटलं, आता त्या बसतील. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"हाऊ डाग केळीना नही, नाना. पाळीना शे."

माणसं एकदम जमिनीकडे बघायला लागली. नानांनी उगाच अर्ज उलटा करून पाहिला. मग मागच्या बाजूने एक आवाज आला, "मग इतके दिवस पोरी कुठं जात होत्या?"

मी प्रमिलाबाईंच्या पातळाचा काठ धरून ओढला. घरी जात होत्या, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मन्ही खोलीमा," त्या म्हणाल्या. "जठे खिचडी शिजस, तठेच."

गलका उठला. आमच्या पोरांनी ते खाल्लं, हिला आधी चुलीवरून काढा, असं दोघं-तिघं एकदम ओरडायला लागले. तेवढ्यात धुरपदाबाईंनी काठी आपटली.

"काय रे जीवराम, तू काय केळीच्या घडातून निंघाला का?"

नाना म्हणाले, "आई, तू मध्ये..."

"माही सासू चार दिवस मले गोठ्यात बसवे. घरात पाय टाकू देत नव्हती. पन केळी निंदाले त्याच चार दिवसांत पाठवे. तवा नाही बाटली केळी? तीच तुम्ही देवापुढं ठेवली, तीच खाऊन एवढे झाले. आता तुमाले खिचडीचा विटाळ!"

बायकांच्या बाजूने कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. नानांनी कान खाजवला आणि ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा. महिला-बालकल्याणच्या निधीतून दार, कडी, नळ." ग्रामसेवकाने पेन उचललं. "कारण काय लिहू? अडचण?"

"मासिक पाळी लिहा," मी म्हणाले. आवाज माझाच होता. "ळ नीट काढा."

पण ठराव कागदावर झाला म्हणून गाव बदललं असं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जवळजवळ निम्मी पोरं घरून डबा घेऊन आली. दिपूने सुट्टीत शाळेशेजारच्या घरातल्या फोनवरून मला कळवलं, "आई, अक्का पातेल्याशी नुसती उभी आहे." मी चप्पल घातली आणि गेले. मुलांच्या रांगेत दिपूशेजारी मांडी घालून बसले आणि पुढ्यात ताट ओढलं.

प्रमिलाबाई झारा घेऊन समोर आल्या. "तुनं नाव पटावर नही, ताई. मी नोंद कुठे करू?"

"तुमच्या वाट्यातलं वाढा."

त्यांनी वाढलं. खिचडी थोडी लागली होती, आजवर त्यांच्या हातून कधी लागली नव्हती. मी पुन्हा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दोन आया आल्या, तिसऱ्या दिवशी धुरपदाबाई काठी टेकत आल्या आणि मीठ कमी आहे म्हणून भांडल्या. हळूहळू डबे कमी झाले. चार घरची पोरं अजून खात नाहीत. प्रमिलाबाई रोज त्यांचीही ताटं मांडतात.

स्वच्छतागृहाचं नवं दार फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बसलं. नळाला पाणी अजून आलेलं नाही. तोवर ड्रम भरून ठेवतात. पॅडचं खोकं आता आतल्या फळीवर असतं. वापरलेल्या पॅडचं काय करायचं, ते अजून कोणी ठरवलेलं नाही. प्रमिलाबाई कागदात गुंडाळून खड्ड्यात पुरतात.

दार बसलं त्याच दुपारी हसीनाबी तबस्सुमला घेऊन आली. तबस्सुम गणवेशात होती, पण दप्तर आईने स्वतःच्या खांद्यावर ठेवलं होतं. हसीनाबीने आधी कडी हाताने वरखाली करून पाहिली.

"मैं अंदर से बंद करती. अक्का, तुम बाहर से ढकलो."

ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. प्रमिलाबाईंनी दोन्ही हातांनी दार ढकललं.

"जोर से!" आतून आवाज आला.

प्रमिलाबाईंनी पदर खोचला, चार पावलं मागे गेल्या आणि खांद्याने धडक दिली. पत्रा दणाणला. व्हरांड्यात सातवीच्या मुली गोळा होऊन बघत होत्या. दार हललं नाही.

कडी निघाली. हसीनाबी बाहेर आली, खांद्यावरचं दप्तर उतरवलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"जा."

तबस्सुम पळतच वर्गात गेली. प्रमिलाबाई खांदा चोळत खिचडीच्या खोलीकडे वळल्या आणि जाता जाता भांड्यांच्या ढिगातून एक ताट जास्त काढलं.