सकाळी कापलं, संध्याकाळी घरी

"ऊठ! सकाळी कापलं अन् संध्याकाळी घरी धाडलं, ह्याला ऑपरेशन म्हणतेत व्हय? नाटकं करून राहिला नुसता!"

थोरला भाऊ एवढ्या मोठ्यानं ओरडला, की भोकरच्या स्टँडवरची एसटी घाबरून वेळेआधी सुटली असेल. नांदेडला माझ्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन एकच रात्र गेली होती, आणि सोयाबीन विकायला लातूरच्या आडतीवर न्यायला टेम्पो दारात उभा होता. पोती चढवायला त्याला मी हवा होतो.

"दादा, वजन उचलायचं न्हाई म्हणून सांगितलंय. टाके तुटतेल."

"आपला बाप आठ दिवस दवाखान्यात होता. त्याला म्हणतेत ऑपरेशन!"

मी सदरा वर करून पट्टी अख्ख्या गल्लीला दाखवली. आतडी बाहेर काढून, धुऊन परत भरलीत, असंही ठोकून दिलं.

"मग हलका झाला असशील. चल!" म्हणत त्यानं दंडाला धरून ओढलं. पोटात अशी कळ उठली, की मी शिव्या देतच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

डॉक्टर कडाडले, "महिनाभर पोत्याला हात लावायचा नाही! टाके उसवले तर पुन्हा कापावं लागेल."

भावानं माझा दंड सोडला, पोतं स्वतःच्या पाठीवर घेतलं आणि म्हणाला, "मग घरी कशाला धाडला?"