सिद्धांती

रोज सकाळी नारायणराव गॅसजवळ उभे राहून दूध उतू का जातं ते समजावून सांगत. साय वाफेला अडवते, मग वाफ सायीला उचलते, असं बोट वर करून सांगेपर्यंत दूध ओट्यावर आलेलं असायचं.

"झालं," मृदुला फडकं घेऊन यायची, "आमच्या सिद्धांतींचं सांगून झालं."

मृदुला सांगलीची. तिच्या लेखी सिद्धांती म्हणजे नुसता सिद्धांत मांडणारा, कामाला हात न लावणारा. नारायणराव बडोद्यातच वाढलेले, गुजराती शाळेत शिकलेले. तिथे सिद्धांत म्हणजे तत्त्व, आणि सिद्धांतवादी म्हणजे तत्त्व न सोडणारा. नंदेसरीच्या कारखान्यात त्यांनी एका खोट्या अहवालावर सही करायचं नाकारलं होतं, त्यात बढती गेली. बायको त्याचाच मान ठेवते, असं त्यांना वाटत आलं. मोहनाला, त्यांच्या मुलीला, ही गफलत एम.ए. करताना उमगली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे गं. खूश असतात."

मृदुला गेली. तेराव्याला बडोद्यातल्या तरसालीच्या घरी माणसं जमली, तेव्हा बाबा दोन शब्द बोलायला उभे राहिले.

"बढती गेली, तरी हिने कधी बोल लावला नाही. उलट सिद्धांती म्हणायची मला."

शेजारच्या हार्दिकभाईंनी आदराने मान हलवली. मोहनाने देवेंद्रमामाकडे पाहिलं, डोळ्यांनी नको म्हटलं. पण मामाला ताईची आठवण येऊन हसू फुटलं होतं.

"अहो भावोजी, चिडवायची ती तुम्हाला. नुसत्या गप्पा मारता म्हणून."

"असं होय," बाबा म्हणाले. थोडे हसले आणि खाली बसले.

पाहुणे गेल्यावर मोहना म्हणाली, "बाबा, आईच्या मनात दोन्ही अर्थ असतील."

"मराठी तुझा विषय," ते चपला नीट लावत म्हणाले. "तुला माहीत होतं ना?"

तीही वाकून उरलेल्या चपला लावू लागली.

त्यानंतर दूध कधी उतू गेलं नाही. बाबा पातेल्यावर नजर ठेवून मुकाट उभे राहत. एकदा तिने मुद्दाम विचारलं, "बाबा, उतू का जातं हो हे?"

"जातं," ते म्हणाले.

संक्रांतीनंतर एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. त्या सकाळीही ते ओट्याशी उभे होते. ती दारात घुटमळली, ते काही सांगतील म्हणून. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"गॅस बारीक केलाय. तू आंघोळीला जा."