किल्ली मी पाहिली होती

आमचा एक सहकारी आहे, त्याच्या बातम्या मला कधीच आवडल्या नाहीत. पूर्वी त्याचं केबलचं दुकान होतं. तो धंदा बसला तेव्हा त्याने मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल काढलं. बातमी कसलीही असो, मागे ढोल-ताशे, खाली लाल पट्टी आणि हा घसा ताणून ओरडतोय. बैल विहिरीत पडला तरी 'आजची सर्वात मोठी बातमी'. मी नागपूरहून निघणाऱ्या एका दैनिकाची वार्ताहर. राहते आरमोरीत, आणि गडचिरोलीपासून धानोऱ्यापर्यंतचं बघते. आमच्या बातमीत उद्गारचिन्हसुद्धा चालत नाही. हा माणूस पत्रकार परिषदेत शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला की मी जरा सरकूनच बसायची.

आणि नेमकी याच माणसापायी माझी झोप उडावी!

घडलं ते असं. धानोऱ्याच्या पुढे जंगलात एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावानेच तसं सांगितलंय. तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. नाल्याला पाणी होतं, गाडी येईना. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून नाला ओलांडला आणि आरोग्य उपकेंद्रात आणलं. उपकेंद्राला कुलूप. हा बहाद्दर दुसऱ्याच कामाने त्या रस्त्याला होता. त्याने फोन काढला आणि सुरू झाला. मी त्या दिवशी धानोऱ्यात होते, कळलं तशी निघाले. पण मी पोचेपर्यंत बाईला ट्रॅक्टरवर घालून पुढच्या दवाखान्यात नेलं होतं, हाही ट्रॅक्टरमागे गेला होता. व्हरांड्यात रिकामी खाट आणि दाराला कुलूप, एवढंच उरलं होतं. मी फोटो काढत होते तेवढ्यात नर्सबाई आली. धावतपळत आली, पर्समधून किल्ली काढली आणि माझ्यासमोर कुलूप उघडलं. तिला तालुक्याला मीटिंगला बोलावलं होतं. एवढ्या गावांना ती एकटी, तिने तरी काय करावं? ती रडकुंडीला आली होती. मी तिला पाणी पाजलं आणि निघाले. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. माझी चार ओळींची बातमी आतल्या पानावर लागली. त्यात नर्सबाई नव्हती, किल्लीही नव्हती. त्याचा व्हिडिओ मात्र घराघरांत फिरला.

थोड्याच दिवसांत त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. सरकारी कामात अडथळा. तक्रार नर्सबाईच्या नावाने होती, भाषा मात्र वरच्या कोणाची तरी वाटत होती. उपकेंद्र उघडंच होतं, काम सुरू होतं, याने घरून आणलेलं कुलूप दाराला लावलं आणि नाटक शूट केलं, असं त्यात म्हटलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण गंमत अशी की लोकांना ते पटलं. इतकी वर्षं ढोल-ताशे वाजवल्यावर दुसरं काय होणार! माझ्या ओळखीतली शहाणी माणसंही म्हणाली, हा करू शकते बाप्पा.

गावकऱ्यांनी कुलूप पाहिलं होतं. पण ते नर्सबाईच्या किल्लीने उघडलं हे पाहणारी मी एकटी.

तो घरी आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही, इतका हळू बोलत होता. फोन पोलिसांकडे जमा, चॅनेल बंद. किल्लीचं त्याला माझ्याकडूनच कळलं होतं, चहाच्या टपरीवर मी सहज बोलून गेले होते.

"मॅडम, मले फोन नाई पायजे," तो म्हणाला. "केसचंही पाहून घेईन. पण लोकं म्हणून राह्यले का मी कुलूप घरून नेलं. पोरीले शाळेत चिडवते, कुलूपवाल्याची पोरगी म्हणून. तुमी पाह्यलं तेवढं सांगा ना ठाण्यात."

बघते म्हणाले. बघते म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं. तो चहा न पिता गेला आणि मला स्वतःचाच संताप आला.

संपादकांना फोन केला. ते भले गृहस्थ आहेत, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. "हे बघा," ते म्हणाले, "आपण बातमी देतो, आपण बातमी होत नाही. जबाब दिलात की तुम्ही एका बाजूच्या झालात. मग या विषयावर तुमची एक ओळही मला छापता येणार नाही. उद्या आरोग्य खात्यावर काहीही लिहिलंत तरी लोक म्हणतील, हिचा जुना राग आहे." शेवटी म्हणाले, "आणि कोणासाठी करताय हे? त्या माणसासाठी?"

मला राग याचा आला की ते चुकीचं काही बोलत नव्हते. मी स्वतः नव्या वार्ताहरांना हेच शिकवत आले. धरणं असलं की आपण सतरंजीवर बसायचं नाही, बाजूच्या खुर्चीवर बसायचं. घोषणा लिहून घ्यायच्या, द्यायच्या नाहीत.

तालुक्यातल्या पत्रकारांची बैठक झाली, चहाच्या हॉटेलात, कारण आमचं पत्रकार भवन अजून कागदावरच आहे. एक ज्येष्ठ म्हणाले, "पंचानं कबड्डी खेळू नये." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "कबड्डी नाहीच खेळत, भाऊ. पण कोणी मैदानच नांगरून टाकत असेल तर पंचानं शिट्टी धरून बघत राहायचं का?" ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुमी भाषण चांगलं देता." मग सर्वानुमते ठरलं की निषेधाचं निवेदन द्यायचं. निवेदन देताना फोटोत पुढे कोण उभं राहणार यावर मात्र बराच वेळ गेला.

त्या दिवसांत माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची. स्कूटी काढून विनाकारण गडचिरोलीच्या रस्त्याला लागायची आणि वाघाच्या भीतीने दिवस मावळायच्या आत परत फिरायची. मनात सारखं तळ्यात-मळ्यात. कारखान्याविरुद्ध, खाणीविरुद्ध लोक उभे राहतात तेव्हा मी लांब उभी राहते, कारण दोन्ही बाजू मला लिहायच्या असतात. ते मला पटतं. पण बोलण्याबद्दल माणसावर गुन्हा लागला की दुसरी बाजू कोणती? गप्प बसण्याची? ती बाजू मी कशी लिहिणार? असं वाटायचं, आणि लगेच त्याचा तो घसा, ते ढोल-ताशे आठवायचे. या माणसासाठी? एखादा बरा पत्रकार अडकला असता तर माझं इतकं घोंगडं भिजत पडलं असतं का?

नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. त्याने काही दिवस माझी तगमग पाहिली. एकदा जेवताना म्हणाला, "मी सरकारी नोकर. मले बोलता येत नाई. शाळेचं छत गळते हे मले माह्या तोंडानं सांगता येत नाई. तुले येते, अन् तू इचारत बसली आहेस का बोलू का नको."

मी ताटावरून उठले. विहारात दर रविवारी उभं राहून चार वाक्यं बोलायची, हे माझ्या आजोबांनी आम्हा भावंडांना लावलेलं वळण. बोलायची चोरी आमच्या घराला माहीतच नव्हती. आता पगाराचं बोलणं आणि स्वतःचं बोलणं अशी दोन दुकानं झाली होती.

त्या गावाची ग्रामसभा असल्याचं कळलं. जबाब द्यायचा की नाही हे गाव ठरवणार होतं. तिकडच्या गावांची रीत अशी, की मतदान वगैरे नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बसायचं, आणि एकाचंही मन वळलं नाही तर पुन्हा बसायचं. दुसरी रीत पाहुण्यांसाठी. गोलात बसलात तर पाळी आल्यावर बोलायचं. बोलायचं नसेल तर बाहेर मोहाच्या झाडाखाली बसायचं, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. मी नेहमी मोहाखाली बसते. त्या दिवशी कच्च्या रस्त्याने अंग आंबून गेलं होतं, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराच्या, सावलीत एका म्हातारीने सरकून चटईवर जागा केली आणि माझा हात धरून बसवलं. मी बसले. पाण्याचा गडू रिकामा केल्यावर लक्षात आलं, आपण गोलात बसलोय. आता उठणं म्हणजे तिचा अपमान.

तो सहकारीही आला होता. मान खाली घालून बसला होता.

बोलणी गोंडीत सुरू होती, माझ्यासाठी मधूनमधून मराठीत. नर्सबाई चांगली आहे, आपण बोललो तर तिची बदली होईल, मग कोणीच यायचं नाही, असं काहींचं म्हणणं होतं. नाही बोललो तर पुढच्या खेपेला आपलं दुखणं दाखवायला कोण येईल, असं दुसऱ्यांचं. मग जिला खाटेवर नेलं होतं त्या बाईची पाळी आली. मांडीवर तान्ही होती. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"कुलूप दाखवाचं होतं तर कुलूप दाखवाचं," ती म्हणाली. "मले काऊन दाखवलं? मी वरडून राह्यली होती. बजारात लोकं मले पाहून म्हणते, हे तेच खाटवाली. मले इचारलं होतं का तुमी?"

त्याने हात जोडले. "चुकलो बाई," म्हणाला. "फोन भेटला का पयले तो व्हिडिओ काढून टाकतो. देवाशपथ."

ती बाळाला खांद्यावर घेत म्हणाली, "कुलूप होतं. मी सांगीन. पण आमच्या नर्सबाईले काई झालं नाई पायजे."

पाळी फिरत माझ्यापर्यंत आली. वही उघडी होती, पेन हातात होतं. "मी फक्त लिहायला आले," हे वाक्य ओठांवर होतं. आजवर हजार ठिकाणी ते म्हटलंय. पण जिचं दुखणं गावभर झालं ती बाई बोलली होती, आणि नंतर मी हे म्हणायचं? मी वही मिटली.

"कुलूप मी पाहिलं," मी म्हटलं. "ते नर्सबाईने माझ्यासमोर तिच्या किल्लीने उघडलं. तिला मीटिंगला बोलावलं होतं, तेही मी सांगणार. यांचा व्हिडिओ मला आवडला नाही. बाईंचा चेहरा दाखवायला नको होता. पण त्यांनी खोटं दाखवलं नाही, आणि खरं दाखवल्याबद्दल कोणावर केस होत असेल तर उद्या माझ्यावरही होईल." म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पाळी पुढे गेली. सगळ्यांना पटेपर्यंत बसलो: जबाब द्यायचा, पण नर्सबाईला सांभाळून. पटलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले. हवालदार अदबीने वागला, पंख्याखालची खुर्ची दिली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, मग पेन थांबवून म्हणाला, "धंदा गृहिणी टाकू ना, मॅडम? सोपं जाते. पत्रकार म्हटलं का कोर्टात वकील लोक लई खोदून राह्यते. गृहिणीले कोणी जास्त इचारत नाई."

तो भल्यासाठीच सांगत होता. आणि खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. गृहिणी म्हणून जबाब, पत्रकार म्हणून बातमी. संपादकही खूश, सहकारीही सुटला. घरी मी भाकरी भाजतेच की, खोटंही नव्हतं. पण त्या दिवशी उपकेंद्राच्या दारात मी भाकरी भाजत नव्हते. मी तिथे होते ते पत्रकार म्हणूनच.

"पत्रकार लिहा," मी म्हटलं. त्याने खांदे उडवले आणि लिहिलं.

बाहेर येऊन संपादकांना मीच फोन केला. जबाब दिला, आता हा विषय माझा नाही, दुसऱ्या कोणाला तरी सांगा. ते बरं म्हणाले. रागावले नाहीत, पाठही थोपटली नाही. माझ्या भागातली, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली बातमी आता दुसरा कोणी लिहिणार, हे मला लागलं, ते मी लपवणार नाही.

संध्याकाळी आमच्याच दैनिकाच्या चंद्रपूरच्या वार्ताहराचा फोन आला. बातमी त्याच्याकडे दिली होती. चांगला मुद्देसूद विचारत होता. कुलूप केव्हा पाहिलं, किल्ली कोणाच्या हातात होती, त्या वेळी आजूबाजूला कोण होतं. मी उत्तरं देत गेले. सगळं विचारून झालं, तेव्हा तो म्हणाला, "ताई, नाव देऊ का तुमचं? की नको?"

हा प्रश्न मी किती माणसांना विचारला असेन. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना, वसतिगृहातल्या पोरींना, वाघाने नवरा नेलेल्या बाईला. पेन तयार ठेवून, घड्याळाकडे बघत विचारायची, आणि कोणी घुटमळलं की मनात म्हणायची, लवकर सांगा ना बाई, पान छपाईला सुटायचं आहे. तोही पलीकडे तसाच पेन धरून थांबला असणार. नवऱ्याची नोकरी आठवली, कोर्टातला वकील आठवला, नर्सबाईचा चेहरा आठवला.

"ताई? आहात ना?"

"आहे," मी म्हटलं. "नाव द्या. पूर्ण द्या."