वाघमारे मॅडमची टाकी

वाघमारे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पंपाच्या मोटारीच्या मिस्त्रीशी भांडत होते. त्याने ती दोनदा दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा ती बंद पडली होती. फोनवर नांदेडहून मॅडमचा भाचा होता. "विजयाताई, आत्या गेल्या. झोपेतच..." मी "निघते" म्हणाले, फोन ठेवला आणि मिस्त्रीला सांगितलं की मोटार चालू झाल्याशिवाय तू इथून हलायचं नाही. ती चालू झाली, काचेच्या लांब पाटातून पाणी धावायला लागलं, मग मी नांदेडची गाडी धरली. मॅडमना माझं हे वागणं आवडलं असतं असं काही मी म्हणणार नाही. त्यांनी पहिल्याच वेळी मिस्त्री बदलला असता.

अंत्यसंस्काराला जमलेल्या बायका म्हणत होत्या, किती शांत स्वभावाच्या होत्या. त्या शांत नव्हत्या, कमी बोलायच्या. या दोन्हींत फरक आहे आणि तो त्यांच्या हाताखाली काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सुजाता वाघमारे मूळच्या कंधारच्या. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. औरंगाबादला स्थापत्य अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्यांच्या वर्गात मुली दोनच, आणि दुसरीने लग्न ठरल्यावर शिक्षण सोडलं. मी निलंग्याच्या आडत दुकानदाराची मुलगी. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे मी मुलाखतीला गेले तेव्हा मॅडम विभागप्रमुख होत्या. बाकीच्यांनी मला पुस्तकातले प्रश्न विचारले. मॅडमनी विचारलं, "तुमच्या दुकानातला तराजू शेवटचा कधी तपासला?" मी म्हणाले, पोळ्याच्या आधी, मीच तपासला. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. घरी येऊन मी सांगितलं की नोकरी गेली. दुसऱ्या आठवड्यात रुजू व्हायचं पत्र आलं.

मॅडमच्या आठवणी पुष्कळ आहेत, पण त्यांची खरी ओळख पटते ती मानांकनाच्या वर्षात. मानांकन म्हणजे काय, ते आधी सांगते. अभियांत्रिकीची एखादी शाखा नीट शिकवली जाते की नाही, हे त्या व्यवसायातल्या जाणत्या लोकांची संस्था येऊन तपासते. समितीत बाहेरचे प्राध्यापक असतात, प्रत्यक्ष धरणं-पूल बांधलेले अभियंते असतात. पूर्वी अशा तपासण्यांत खोल्या, यंत्रं, पुस्तकं मोजली जायची. आता मुख्य प्रश्न एकच असतो. तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्या मुलाला काय करता येतं, आणि ते कशावरून? हा प्रश्न सोपा वाटतो. त्याच्या उत्तरासाठी महाविद्यालयं कपाटं भरून फायली करतात, आणि मुलांकडून घोषवाक्यं पाठ करून घेतात.

आमच्या संस्थेच्या सचिवांना सगळे आप्पा म्हणत. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. आमच्या गावाचा जिल्हा होणार अशी तेव्हा जोरात हवा होती आणि आप्पांनी महाविद्यालयाच्या कमानीवर गावाच्या नावापुढे 'नियोजित जिल्हा' असं आधीच रंगवून घेतलं होतं. जिल्ह्याच्या कॉलेजला मानांकन पाहिजेच, असं त्यांचं म्हणणं. समिती येणार म्हणजे त्यांच्या लेखी वऱ्हाडच येणार होतं. फेटे, शाली, नारळ, बँड. हिरवळ मात्र जळून गेली होती, तिचं दुःख त्यांना फार. मॅडम एकदाच म्हणाल्या, "आप्पा, ही सोयरीक न्हाई. तपासणी हाय." आप्पा म्हणाले, "मॅडम, तपासणाराबी माणूसच असतो की." आणि जाता जाता त्यांनी खरी गोष्ट सांगितली. स्थापत्यला मुलं कमी येत होती. या खेपेला मानांकन मिळालं नाही तर पुढच्या वर्षीपासून शाखा बंद करून त्या वर्गांत संगणकाची तुकडी बसवायची, असं संचालक मंडळात ठरलं होतं.

ते लातूरला रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. आमच्या गावात नळ कधी येईल हे कुणी विचारणंही सोडून दिलं होतं. मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीला तडा गेला आणि व्यवस्थापनाने ठरवलं की पाऊस पडेपर्यंत वसतिगृह बंद, मुलींनी घरी जावं. मुली होत्या भोकर, देगलूर, कंधारकडच्या. मॅडमनी मला बोलावून विचारलं, "यातल्या किती परत येतील सांग." मी मनात एकेकीचं घर आठवून पाहिलं. घरी गेलेल्या मुलीला दुष्काळात स्थळ लवकर येतं. एक खाणारं तोंड कमी होतं आणि मांडवाचा खर्चही कमी होतो.

आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीखाली एक मोठी टाकी आहे. तिचं पाणी पंपाने पाटात चढतं, मुलं त्यावर प्रयोग करतात आणि तेच पाणी फिरून टाकीत उतरतं. मॅडमनी त्या टाकीचं झाकण उघडलं आणि सगळं पाणी वसतिगृहाला धुण्या-न्हाण्यासाठी देऊन टाकलं. लेखी परवानगी वगैरे काही नाही. त्यानंतर वसतिगृहाचे टँकरही तडा गेलेल्या टाकीऐवजी आमच्याच टाकीत रिकामे व्हायला लागले आणि तिथून पाणी पंपाने वसतिगृहात जायला लागलं. मॅडमची अट एवढीच होती की प्रत्येक टँकर मोजून घ्यायचा. त्यासाठी त्यांनी सुताराकडून सागाची एक लांब मोजपट्टी करून घेतली. टँकर यायच्या आधी पाण्याची पातळी बघायची, रिकामा झाल्यावर पुन्हा बघायची, वाढ गुणिले टाकीचं क्षेत्रफळ. तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या पाळ्या लागल्या. मोजून झालं की पट्टी कोपऱ्यात उभी करायची ती ओलं टोक वर करून, म्हणजे लाकूड वाळतं, कुजत नाही. कुणी उलटी ठेवली तर मॅडम काही न बोलता स्वतः जाऊन फिरवून ठेवायच्या. ते रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

समितीची तारीख आली आणि आप्पा प्रयोगशाळेत उतरले. "मॅडम, ह्यो काय प्रकार? आठवड्यावर समिती आली आन् तुमची टाकी कोरडी ठणठणीत!"

"टाकी कोरडी हाय, पण हॉस्टेल चालू हाय."

"समिती हॉस्टेल बघायला येऊन राहिली का?"

मी मध्ये पडले. भांडणात वेळ घालवणं मला जमत नाही. म्हटलं, आप्पा, समितीच्या दिवशी पहाटे एक टँकर द्या. पाणी फिरतं राहतं, संपत नाही. प्रयोग दाखवू आणि संध्याकाळी तेच पाणी वसतिगृहाला सोडू. दोघांनाही पटलं. आप्पा म्हणाले, "पहाटे टँकर उभा केला न्हाई तर नाव बदलीन."

मुलींची तयारी प्राचार्यांनी स्वतः करून घेतली होती. विभागाचं ध्येय काय, उद्दिष्टं किती, सगळं इंग्रजीत पाठ. भोकरकडची ज्योती नावाची मुलगी रंगीत तालमीत इतकी घाबरली की "नाव काय" असं विचारल्यावर तिने विभागाचं ध्येय म्हणून दाखवलं. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी प्राचार्यांना विनंती केली की हिला प्रयोगशाळेतच राहू द्या. प्राचार्यांना वाटलं, लपवायला.

त्या दिवशी पहाटे टँकर आला नाही. सकाळीही आला नाही. समितीतले दोघे आमच्या प्रयोगशाळेत आले, एक दक्षिणेकडचे प्राध्यापक आणि एक निवृत्त धरण अभियंते, तेव्हा पाट कोरडा, टाकीच्या तळाशी ओल, आणि आप्पा दारात शाल घेऊन उभे. अभियंत्यांनी पाटावर बोट फिरवलं, धूळ पाहिली आणि जवळ उभ्या ज्योतीला विचारलं, "बेटा, इसमें पानी कब देखा था?" तिला तालीम आठवत होती, उत्तर आठवत नव्हतं. तिच्या वतीने बोलायला मी पुढे सरकले, तर मॅडमनी माझ्या पायावर पाय ठेवला. हळू नाही, चांगला जोरात. शिक्षकाने विद्यार्थ्याचं उत्तर द्यायचं नसतं हा तपासणीचा नियम आहे. पण त्यांचा पाय नियमासाठी पडला नव्हता... त्यांना बाहेर गाडीचा आवाज आला होता.

टँकर मागे सरकत दाराशी येत होता. त्याची घरघर ऐकताच ज्योती समितीकडे पाठ करून वळली, कोपऱ्यातली मोजपट्टी उचलली, टाकीत घातली आणि "शून्य धर गं" असं मैत्रिणीला ओरडली. ते रोजचं काम होतं, त्यात समिती आली काय आणि गेली काय. पाणी धो धो उतरलं. पुन्हा पट्टी घातली, आकडा घेतला, तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि ती ड्रायव्हरला म्हणाली, "काका, आजबी कमीच हाय."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. टँकर त्यांच्या साडूचा होता.

धरण अभियंते तिच्याजवळ गेले. पट्टी तिरकी धरली गेली तर? टाकीच्या तळाला उतार असेल तर? ती हिंदी-मराठी मिसळून उत्तरं देत गेली. उतार आहे, म्हणून आम्ही आधी बादल्यांनी भरून पट्टी तपासून घेतलीय. एवढं एवढं चुकू शकतं. पण कमी येतंय ते त्याहून पुष्कळ जास्त आहे, आणि रोज जवळजवळ तेवढंच आहे. "म्हणजे चोरी?" त्यांनी विचारलं. ज्योती ड्रायव्हरकडे बघायला लागली. तो बिचारा टोपी काढून म्हणाला, "चोरी कशाची साहेब? वाटेत वस्तीवरल्या बाया गाडी आडव्या होत्यात. घागरी भरल्याबिगर सोडत न्हाईत. आज तर लईच होत्या, म्हणूनच उशीर झाला."

"अब क्या करोगी?" अभियंत्यांनी विचारलं. मला वाटलं ती म्हणेल, गाडीबरोबर माणूस पाठवू. पण ती म्हणाली, "सर, त्या वस्तीला वेगळा टँकर मागायला पाहिजे. आमच्यातलं पाणी दिलेलं कागदावर कुठंच दिसत नाही, म्हणून वस्तीला पाणी नाही हे कुणाला कळत नाही. आमच्याकडं दोन महिन्यांची मोजणी आहे. ती दाखवली तर कळेल."

प्राध्यापकांनी फाइल मिटली. अभियंते म्हणाले, "चला, आता पंप चालू करा." पाटात पाणी चढलं, पोरींनी प्रयोग करून दाखवला, पण खरं सांगायचं तर आता तो कुणी फारसा बघत नव्हतं. आप्पांनी शाल पुढे केली. अभियंत्यांनी ती घेतली आणि तिथल्या तिथे ज्योतीच्या खांद्यावर टाकली. मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून पदराने चष्मा पुसत होत्या. मी पाय चोळत होते.

समिती निकाल तोंडी सांगत नाही, काही महिन्यांनी कळवते. पाऊस पडून गेल्यावर तो आला. स्थापत्य शाखेला मानांकन, तीन वर्षांसाठी. शाखा राहिली, आमच्या नोकऱ्या राहिल्या, आणि वसतिगृहातली एकही मुलगी त्या उन्हाळ्यात घरी गेली नव्हती. वस्तीचा टँकर तर निकालाच्या खूप आधी सुरू झाला. मॅडम ज्योतीला घेऊन तहसीलला गेल्या, मोजणी टेबलावर ठेवली आणि टँकर मंजूर होईपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिल्या. आप्पांनी गावभर पेढे वाटले आणि समितीसमोर टँकर आणायची कल्पना आपलीच होती, असं सांगायला लागले. मी चिडले तर मॅडम म्हणाल्या, "सांगू दे. टँकर त्यांचाच व्हता की."

निवृत्तीनंतर मॅडम नांदेडला राहायला गेल्या. पुढच्या खेपेला आम्हाला पूर्ण मुदतीचं मानांकन मिळालं, ते सांगायला मी फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "मोटार कशी हाय?" अभिनंदन नंतर, तेही मी आठवण करून दिल्यावर. आमच्या गावाचा जिल्हा अजून झालेला नाही. कमानीवरचं 'नियोजित' दर दिवाळीला नव्याने रंगवतात. मानांकन मात्र आलं आणि टिकलं.

मागच्या आठवड्यात महाविद्यालयात शोकसभा झाली. ज्योती आता पाणीपुरवठ्याच्या कामावर अभियंता आहे, ती सरकारी गाडीतून आली. आप्पा थकलेत, तरी उठून भाषण केलं, टँकरची गोष्ट पुन्हा आपल्या पद्धतीने सांगितली, आणि कुणीही दुरुस्ती केली नाही. चहाच्या वेळी ज्योती दिसेना. मी प्रयोगशाळेत गेले तर ती गुडघ्यावर बसून टाकीत मोजपट्टी घालत होती. चांगल्या साडीचा काठ ओला झालेला.

"काय करून राहिलीस गं?" मी विचारलं. "आता टँकर कुठं येतो?"

"काही नाही मॅडम. बघितलं फक्त." ती उठली. "भरलीय."

तिने मोजपट्टी कोपऱ्यात ठेवली आणि आम्ही चहाला गेलो. दारातून मी एकदा मागे वळून पाहिलं. तपासायची सवय आहे म्हणून. पट्टी सरळ उभी होती, ओलं टोक वर.